फोन कुणाचा, धाक कुणाला

तेलगावकडून धारूरचा घाट चढून वर आलं की रस्त्याकडेला चहाच्या दोन-तीन टपऱ्या लागतात. मागच्या उन्हाळ्यात तिथं अर्धा तास बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर चार गडी. त्यातला पन्नाशीचा एक जण मला म्हणाला, "या डबड्यानं पोरं वाया गेली बघा, गुरुजी." माणूस मनापासून बोलत होता. फक्त बोलताना त्याची नजर हातातल्या डबड्यावरून हलली नव्हती आणि अंगठा एकामागून एक रील वर ढकलत होता. दुसऱ्यानं री ओढली, "अन् पोरींच्या हातात तर देऊच नाही." तिसऱ्यानं दाखला दिला. त्याच्या भावकीतल्या एका दहावीतल्या पोरीच्या दप्तरात फोन सापडला. बापानं त्याच दिवशी शाळा बंद केली आणि दिवाळी झाल्यावर तिचं उरकून टाकलं. "बरं केलं," चौघांनी माना डोलावल्या. चहा आला, पिला, पैसे ऑनलाइन गेले, गडी उठले.

त्या अर्ध्या तासात मोबाईलवर जेवढी मतं ऐकली, त्यातल्या एकातही 'मी' हा शब्द आला नाही. पोरं बिघडली, पोरी बिघडल्या, सुना ऐकत नाहीत, बाया मालिकेपुढून उठत नाहीत. बोलणारा मात्र जसा होता तसाच चांगला राहिला. आणि निकालाची शिक्षा ज्या पोरीला झाली, ती त्या बाकड्यावर नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं की, बाई, त्या फोनवर तू काय पाहत होतीस? गणिताचा व्हिडिओ पाहत असशील, मैत्रिणीशी बोलत असशील, एखाद्या पोराशीही बोलत असशील. विचारायचं तरी!

मोबाईल चांगला की वाईट, हा वाद मला आता शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा वाटतो. विज्ञान शाप की वरदान, यावर मी तीस वर्षं पोरांकडून भाषणं बसवून घेतली. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडायच्या आणि घरी जाऊन कुणाच्या वागण्यात काडीचा फरक पडायचा नाही. बीड जिल्ह्यातल्या माणसाला तरी हा वाद शोभत नाही. यंत्र घरात आलं की ते कुणाचं ऐकतं, हे आपण एकदा फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

ते यंत्र सोनोग्राफीचं. पोटातल्या लेकराचं व्यंग दिसावं, बाळंतपणातला धोका आधी कळावा म्हणून ते आलं. आपण त्याला एकच प्रश्न विचारला, मुलगा की मुलगी? महाराष्ट्रानं 1988 मध्ये, देशात सगळ्यांच्या आधी, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या, आणि 2011 मध्ये उरल्या 807. राज्यातला सगळ्यांत खालचा आकडा. पुढच्याच वर्षी परळीतल्या एका दवाखान्यात बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि बीडचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. तेव्हाही पारावर लोक म्हणायचे, मशीनच वाईट, मशीनला कुलूप लावा. कुलपं लागली, सीलही लागली. पण मशीन कुणाच्या घरी चालून गेलं नव्हतं. गाडी करून, चारशे-पाचशे रुपयांचं डिझेल टाकून, सुनेला बसवून मशीनकडे नेणारे हात घरातलेच होते. पिढ्यान् पिढ्या मनात असलेली गोष्ट त्या यंत्रानं फक्त लवकर आणि बिनबोभाट करून दिली.

हे मनात ठेवूनच मोबाईलकडे पाहावं, असं माझं म्हणणं आहे. नवं यंत्र आपल्याकडे पाहुण्यासारखं येतं आणि चार दिवसांत घरच्या गड्यासारखं राबायला लागतं. घरात जी रीत असेल तीच ते उचलतं.

बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी. आमच्या बापजाद्यांनी त्या रेल्वेसाठी आंदोलनं केली, निवेदनं दिली, काही जण वाट पाहतच गेले. जिओचं स्वस्त इंटरनेट मात्र 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झालं आणि बघता बघता वाड्यावस्त्यांवर पोचलं. म्हणजे बीडच्या माणसाला रेल्वेगाडीत बसून नगरला जाता येण्याच्या नऊ वर्षं आधी हातातल्या काचेवर सगळी दुनिया पाहता येऊ लागली. ज्या गावाला धड रस्ता नाही, पावसाळ्यात एसटी येत नाही, उन्हाळ्यात टँकर येतो, त्या गावात रेंज आहे. हे हसण्यावारी नेऊ नका. ज्याच्या वाट्याला करमणुकीसाठी वर्षातून एक जत्रा, एक सप्ताह आणि लग्नसराईतला डीजे एवढंच होतं, त्याच्या हातात अचानक रात्रंदिवस चालणारा तमाशा आला. तो त्यात हरवला, तर नवल कसलं? मुंबई-पुण्यातल्या लेखकांनी 'डिजिटल उपवास' करायला सांगावं हे ठीक आहे. त्यांच्याकडे उपवास सोडायला नाट्यगृह आहे, ग्रंथालय आहे, बाग आहे. आमच्याकडे फोन खाली ठेवला की समोर तोच पार आणि तीच माणसं.

आणि या यंत्रानं आमच्यावर उपकारही केले आहेत, ते नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नगर, थेट कर्नाटकात. पाच-सहा महिने उसाच्या फडात आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. पूर्वी घरी म्हाताऱ्यांजवळ ठेवलेल्या लेकराचा आवाज ऐकायचा तर गावातल्या एसटीडी बूथवर निरोप द्यायचा, मग दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला फोन लावायचा. त्यात अर्धा वेळ 'आवाज येतो का' यातच जायचा. मी ज्या शाळेत शेवटची आठ वर्षं होतो, तिथं हंगामी वसतिगृह चालायचं. रात्री जेवणं झाली की शिक्षकाच्या फोनवर एकेका लेकराची पाळी लागे. तिकडे कोपीत चूल पेटलेली, आईच्या तोंडावर धुराचा आणि दिव्याचा मिळून अर्धवट उजेड, आणि इकडे पहिलीतली पोरगी तिला दिवसभरात लिहिलेली पाटी उलटी धरून दाखवायची. आई म्हणायची, "सरळ धर गं माय, मला दिसंना." आईला वाचता येत नव्हतं. तरी ती पाटी सरळ धरायला सांगायची. तिच्याकडचा तो फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला असायचा. त्या यंत्राला मी डबडं म्हणणार नाही.

पण त्याच कोपीत दुसरंही पाहिलं आहे, आणि ते पैशांचं आहे. फोनची किंमत आपण रुपयांत सांगतो. उसतोड्याच्या घरात ती टनांत सांगायला हवी. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला, 34 टक्के वाढ. त्यासाठी संप झाला, बैठका झाल्या. आता 20 हजारांचा फोन घ्या आणि भागाकार करा. 55 टन ऊस. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दीड-दोन टन तोडतात. पहाटे उठून, थंडीत, पाचटानं हात सोलून. म्हणजे जवळपास एक महिना दोन माणसांनी राबायचं, तेव्हा तो फोन फिटतो. बरं, त्या 55 टनांतले साडेसत्तावीस टन बायकोचे. तिनं तोडलेले, तिनं मोळ्यांत बांधलेले, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवलेले. आणि फोनला पासवर्ड नवऱ्याचा!

माझं म्हणणं असं नाही की महाग फोन घेऊ नये. ज्याच्या घामाचा पैसा आहे त्यानं ठरवावं. पण हंगामाची आगाऊ उचल घेतल्यावर पहिली खरेदी कोणती होते, हे ती देणाऱ्या मुकादमांना विचारून पाहा. उचलीचे पैसे हातात येतात. त्यात लग्न असतं, दवाखाना असतो, जुनं देणं असतं आणि बऱ्याचदा एक नवा फोन असतो, कारण भावकीतल्या कुणीतरी घेतलेला असतो. दुकानदार म्हणतो, "एक रुपया न भरता घेऊन जा." एक रुपया न भरता मिळणारी वस्तू आपल्याकडे आजवर कधी स्वस्त पडली आहे? सावकाराचा अनुभव विसरलो का आपण? पूर्वी हप्ता चुकला तर माणूस दारात यायचा. मग हप्ता चुकला तर कंपन्या लांबूनच फोनला कुलूप घालू लागल्या, आणि त्या कुलपात लेकराशी होणारं बोलणंही बंद होऊ लागलं. पाच-सात हजारांच्या फोनवर व्हिडिओ कॉल होतो, पीक पाहणीचं ॲप चालतं, खात्यातले पैसे कळतात. उरलेले तेरा-पंधरा हजार आपण कुणाला दाखवायला मोजले, हे एकदा अंधारात बसून स्वतःला विचारावं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टपरीवरच्या त्या पोरीकडे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी महाराष्ट्रात 2019-20 मध्ये झाली. त्यात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या बायकांपैकी जवळपास 44 टक्के बायकांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं निघालं. राज्याचं प्रमाण 22 टक्के. म्हणजे आपण राज्याच्या दुप्पट. याची कारणं मोठी आहेत. ऊसतोडीला जायचं तर जोडपं लागतं, एकट्याला कोयता मिळत नाही. वयात आलेली पोर घरी म्हाताऱ्यांवर सोडून कशी जायची, ही भीती खरी आहे. हुंड्याचा भाव पोरीच्या शिक्षणाबरोबर चढतो, हेही खरं. पण गेल्या काही वर्षांत या जुन्या कारणांना एक नवी सबब मिळाली आहे. "पोरीकडं फोन सापडला." बस्स. पुढं काही सांगावं लागत नाही. ग्रामसेवक आला, शिक्षक आले, तरी बाप हेच सांगतो, आणि ऐकणारे समजूतदारपणे गप्प बसतात. जणू काही फोन सापडणं म्हणजे गुन्ह्याचा मुद्देमाल सापडणं!

त्याच घरात त्याच वयाच्या पोराच्या हातात तोच फोन असतो. तो रात्री दोनपर्यंत गेम खेळतो, नको ते पाहतो, गावातल्या पोरींचे फोटो चोरून काढून मित्रांना दाखवतो. बाप म्हणतो, "पोरगं आहे, येईल अक्कल." आई म्हणते, "ऐकतच नाही हो." त्याचं लग्न कुणी लावत नाही, त्याच्या दप्तराची झडती कुणी घेत नाही. पोरीच्या हातातल्या फोनला आपण बिघाड म्हणतो आणि पोराच्या हातातल्या फोनला वय. हा निवाडा मोबाईलच्या आधीचा आहे. पूर्वी पोरगी खिडकीत उभी राहिली की असंच व्हायचं. मग सायकल आली, तेव्हा पोरीनं सायकल चालवायची की नाही यावर चर्चा झाली. चिठ्ठीचं तेच, एसटीतल्या सीटचं तेच. आता फोन. प्रत्येक वेळी पोरीच्या हातातली वस्तू वाईट ठरली, आणि ती वस्तू पोराच्या हातात गेली की पुन्हा चांगली झाली. सोनोग्राफीच्या खोलीतून जी पोर कशीबशी सुटून जन्माला आली, तिला पंधराव्या वर्षी फोनच्या निमित्तानं गाठलं.

यात आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. त्याच पाहणीत देशातल्या बायकांपैकी तिघींतल्या एकीनंच कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या वर. बाईच्या हाती फोन आधीच कमी, आणि बोंब मात्र तिच्याच फोनची जास्त. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हा हे उघडं पडलं. गावोगाव बायका कागदपत्रं घेऊन रांगेत उभ्या. फॉर्म भरायला मोबाईल नंबर हवा. कित्येकींनी नवऱ्याचा दिला, पोराचा दिला, दिराचा दिला. ओटीपी त्यांच्याकडे. महिन्याला दीड हजार तिच्या खात्यात आल्याचा मेसेज टुणकन वाजतो तो दुसऱ्याच्याच खिशात. बँकेतलं खातं तिचं, पण त्याची चावी तिच्याकडे नाही. आणि ज्यांनी ती चावी ठेवली आहे, तेच लोक संध्याकाळी पारावर बसून सांगतात की बायांना फोनची गरजच काय?

बरं, मग पुरुषांच्या फोनवर काय चालतं तेही पाहू. त्याच्यावर कीर्तन चालतं, हे आनंदानं सांगतो. आमच्याकडे सप्ताहाला लाखाचा जमाव होतो, आणि ज्याला जाता येत नाही तो घरबसल्या महाराजांना ऐकतो. बाजारभाव पाहिला जातो, पावसाचा अंदाज पाहिला जातो. पण त्याच फोनवर आणखी जे चालतं, त्याच्यावर गावात ग्रामसभा होत नाही. हवेत गोळी झाडतानाचे व्हिडिओ, कमरेला पिस्तूल लावून 'भाऊ'च्या गाण्यावर काढलेल्या रील, वाढदिवसाला तलवारीनं केक. जुगार तर घराघरांत शिरला होता. रमीच्या ॲपवर कापसाचे पैसे, सोयाबीनचे पैसे, कर्जाचे पैसे उडाले. जुलै 2025 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेतला मोबाईलवरच्या पत्त्यांचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढं त्यांचं खातं बदललं. टपऱ्यांवर लोक पोट धरून हसले. हसणाऱ्यांतल्या कितीजणांच्या फोनवर तेच ॲप होतं, ते देवाला माहीत. पुढच्याच महिन्यात संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्यानं ॲप बंद झालं. जुगाराची खाज कुठं जाते ते आता कळेल.

आणि जात. हे लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. 30 ऑक्टोबर 2023 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली. लोकप्रतिनिधींची घरं जळाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्यानंतर 2024 च्या लोकसभा निवडणुकीत एकेका गावाचे दोन तुकडे झाले. कुणी कुणाचं स्टेटस पाहिलं, कुणी कुणाच्या पोस्टवर अंगठा दिला, कोणत्या जातीच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, हे सगळं हातातल्या फोनवर ठरत होतं. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेली माणसं चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या स्टेटसवरून बोलेनाशी झाली. स्टेटस पुसलं गेलं, अबोला राहिला. त्या दिवसांत मला एकही बाप असा भेटला नाही जो म्हणाला, "माझ्या पोराच्या फोनवर अशी पोस्ट सापडली, मी त्याचा फोन काढून घेतला." पोरीच्या फोनमध्ये एक नंबर सापडला तर घराण्याची अब्रू जाते. पोराच्या फोनवर दुसऱ्या जातीच्या आईबहिणीवरून शिव्या सापडल्या, तर मात्र अब्रू शाबूत राहते. आपली अब्रू नेमकी कुठं ठेवली आहे आपण?

मस्साजोगबद्दल एकच सांगतो. तिथले सरपंच संतोष देशमुख यांचा खून 9 डिसेंबर 2024 ला झाला. मारताना मारणाऱ्यांनीच व्हिडिओ काढले, असं आरोपपत्रात आहे. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. मार्च 2025 मध्ये त्यातले फोटो बाहेर आले, दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या एका मंत्र्यांचा राजीनामा झाला. जिल्हा संतापानं पेटला, तो संताप योग्यच होता. पण फोटो बाहेर आले त्या रात्री माझ्या फोनवर ते सतरा ठिकाणांहून आले. कुणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पाठवले, कुणी 'जरूर बघा' लिहून. त्या माणसाच्या घरात आई आहे, बायको आहे, शिकणारी लेकरं आहेत, आणि त्यांच्याही हातात फोन आहेत, हे पाठवणाऱ्याच्या मनात आलं नसेल का? मी ते न उघडता पुसले. ज्यांनी पाठवले त्यांना फोन करून तसं सांगितलंही. तीन जण रागावले, एक जण रडला.

मग करायचं काय? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ज्या ऊसपट्ट्यात आपली माणसं तोडीला जातात, त्यातलंच. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही, मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या दीड तासात पोरं अभ्यासाला बसतात. सुरुवातीला गावातल्या पुरुषांनी या कल्पनेची खिल्ली उडवली होती. मग ग्रामपंचायतीनं बायकांना बोलावलं. बायकांनी काय केलं असेल? त्यांनी पोरांना दोष दिला नाही. आम्हीच मालिका जास्त पाहतो, असं कबूल केलं आणि सगळ्या गावानंच बंद ठेवू म्हणाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं दुसरा रस्ता धरला. अठरा वर्षांखालच्यांना मोबाईल बंद. हेतू चांगलाच असणार. पण मला विचाराल तर वडगावचा भोंगा मोठा, कारण तो बापाच्या कानातही वाजतो.

आपल्या जिल्ह्यात असा भोंगा वाजवायचा तर एक अडचण आहे. वर्षातले सहा महिने अर्धं गाव रिकामं असतं, आणि रात्रीचे सात-साडेसात हीच कोपीतून लेकराशी बोलायची वेळ असते. तेव्हा भोंग्याची नक्कल नको. कबुलीची नक्कल करू. सप्ताहात व्यसनमुक्तीवर कीर्तन होतं, माळ घालणाऱ्यांची रांग लागते. एखाद्या कीर्तनकार महाराजांनी एका रात्री समोरच्या पुरुषांना फक्त एवढंच विचारावं, "तुमच्यापैकी किती जण आत्ताच्या आत्ता फोन उघडून शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात देतील?" मृदंग थांबेल, आणि बरंच काही ऐकू येईल. शिक्षकांनी पालकसभेत पोरांच्या आधी बापांचा अंगठा रोज किती तास चालतो ते विचारावं, फोनच ते मोजून दाखवतो. आम्ही गुरुजी मंडळींनी स्वतःचाही आकडा सांगावा. माझा मागच्या आठवड्यातला आकडा दिवसाला तीन तास चाळीस मिनिटं होता. कीर्तन सोडून मोजला तरी अडीच तासांच्या वर. लाज वाटली, म्हणून लिहिला.

आणि ज्यांच्या घरी पोर आहे त्यांना हात जोडून एक सांगायचं आहे. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतील. मुकादमाची गाडी दारात येण्याआधी उचलीतून पाच-सात हजारांचा एक साधा फोन पोरीच्या नावावर घ्या, सिम तिच्या आईच्या नावाचं. पासवर्ड तिला ठरवू द्या, आणि काय पाहायचं, काय टाळायचं, पैसे मागणाऱ्या फोनला काय उत्तर द्यायचं, हे तिच्याजवळ बसून एकदा समजावून सांगा. पोराला सांगता तेवढ्याच आवाजात. गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी कायद्यानं ग्रामसेवकावर आहे, पण ग्रामसेवकाला कळवणारं कुणी लागतं. गेल्या काही वर्षांत थांबलेल्या कित्येक लग्नांची खबर फोनवरूनच गेली आहे. तेव्हा घर सोडण्याआधी त्या फोनमध्ये पहिला नंबर आईचा टाका, आणि दुसरा चाइल्डलाइनचा, 1098.